पत्त्यांचा बाजार आणि नाव वगळण्याचा हक्क

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ रोजी आपल्या रहिवाशांसाठी एक शासकीय संकेतस्थळ खुले केले. नागरिकाने तेथे एकच अर्ज करावा आणि राज्याकडे नोंदलेल्या सर्व माहिती-दलालांनी त्याच्याविषयीची खासगी माहिती आपल्या साठ्यातून पुसून टाकावी, अशी ही योजना आहे. १ ऑगस्ट २०२६ पासून दर ४५ दिवसांनी हे अर्ज पाहण्याचे व त्यांची अंमलबजावणी करण्याचे बंधन २०२३ च्या कायद्याने दलालांवर घातले असून, कसूर झाल्यास प्रत्येक अर्जामागे दररोज २०० डॉलर दंडाची तरतूद आहे. वरवर पाहता ही कारभारातील एक सोय वाटेल. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ सोयीचा नाही. माणसाचे नाव, पत्ता आणि नातेसंबंध विकण्याचा धंदा कायदेशीर मानला गेला, तर त्यातून स्वतःला सोडवून घेण्याचे ओझे कोणी वाहायचे? जो विकला जातो त्याने, की जो विकतो त्याने? अमेरिकेला या प्रश्नाकडे वळण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला, आणि तोच प्रश्न आता भारताच्याही दारात आला आहे.

या धंद्याचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत माणसे शोधून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. स्पोकिओ, व्हाइटपेजेस, बीनव्हेरिफाइड ही त्यांतील काही परिचित नावे. तेथे एखाद्याचे नाव व गाव टंकित केले की त्याचे वय, आजचा पत्ता, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील जुने पत्ते, दूरध्वनी क्रमांक, घराची किंमत, नातेवाइकांची आणि कधी शेजाऱ्यांचीही नावे एका पानावर येतात. थोडी माहिती फुकट, उरलेली काही डॉलर मोजून. विचारणारा कोण आहे आणि त्याला ही माहिती कशासाठी हवी आहे, याची विचारपूस बहुधा होत नाही. जुना वर्गमित्र शोधणारा सद्गृहस्थ आणि घर सोडून गेलेल्या पत्नीचा माग काढणारा नवरा, दोघेही या दुकानात सारख्याच दराचे गिऱ्हाईक ठरतात.

ही माहिती चोरीची नसते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ती प्रामुख्याने सरकारी दप्तरांतून येते. घराचे खरेदीखत काउंटीच्या कचेरीत नोंदले जाते. मतदारयादी अनेक राज्यांत ठरावीक कामांसाठी विकत मिळते. न्यायालयांतील दावे, घटस्फोट व दिवाळखोरीचे अर्ज हे सार्वजनिक दस्तऐवज असतात. त्यांत व्यापारी जगातून मिळणाऱ्या माहितीची भर पडते. नियतकालिकाची वर्गणी, दुकानाने दिलेले सवलतीचे कार्ड, जुनी दूरध्वनी-सूची, समाजमाध्यमांवरील मजकूर असे धागे जमवून ते एका नावाभोवती गुंफले जातात. प्रत्येक धागा स्वतंत्रपणे निरुपद्रवी असतो. त्यांचा गोफ मात्र तसा राहत नाही.

हा फरक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ओळखला होता. एका संशयित गुन्हेगाराविषयी एफबीआयने तयार केलेला गुन्ह्यांचा एकत्रित गोषवारा पत्रकारांनी माहितीच्या कायद्याखाली मागितला. यातील प्रत्येक नोंद कोठल्या ना कोठल्या न्यायालयाच्या दप्तरात उघडी पडलेलीच आहे, मग एकत्रित यादी देण्यास हरकत काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. देशभरच्या कचेऱ्या धुंडाळून कष्टाने मिळणारी विखुरलेली कागदपत्रे आणि संगणकाने एका ठिकाणी आणून ठेवलेले त्यांचे सार, या दोन वस्तू एक नव्हेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. कागद उघडा असला तरी तो दूरच्या कपाटात, धुळीत, शेकडो अन्य कागदांत असतो, आणि हे विखुरलेपण हेच सामान्य माणसाचे संरक्षण असते. न्यायालयाने ते मान्य केले खरे; परंतु तो निकाल सरकारने काय द्यावे यापुरता होता. खासगी व्यापाऱ्याने तेच संकलन करून विकले तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढल्या काळात बाजाराने नेमकी हीच मोकळी जागा व्यापली.

उघड्या दप्तराचा धोका किती गंभीर असू शकतो, हेही त्याच वर्षी दिसून आले होते. १९८९ च्या जुलैमध्ये लॉस एंजलिस येथे रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीची तिच्या घराच्या दारात हत्या झाली. मारेकऱ्याने तिचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत राज्याच्या मोटारवाहन खात्याच्या दप्तरातून मिळवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये वाहनचालकांच्या माहितीस संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला. म्हणजे एका खात्याचा नळ बंद झाला. पाणी मात्र इतर नळांतून वाहत राहिले. १९९९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात एका तरुणीचा तिच्या कामाच्या जागेबाहेर खून झाला. खुन्याने तिचा सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि कामाच्या जागेचा पत्ता इंटरनेटवरील एका माहिती-विक्रेत्याकडून पैसे देऊन घेतला होता. अशी माहिती विकताना तिचा दुरुपयोग होण्याचा संभव दिसत असेल, तर विक्रेत्याला वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले.

यानंतरही ही मालिका संपली नाही. २०२० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतील केंद्रीय न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी सामान पोचवणाऱ्याच्या वेषात एक वकील आला आणि त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनिएल यास, गोळ्या घालून ठार केले. त्यांचे पती जबर जखमी झाले. मारेकऱ्याने सालास यांच्या घराचा पत्ता व त्यांच्या दिनक्रमाची माहिती आधीच जमवून ठेवली होती. त्याच वर्षी न्यू जर्सीने आणि २०२२ मध्ये केंद्राने डॅनिएलच्या नावाने कायदे केले. न्यू जर्सीच्या कायद्याने न्यायाधीश, सरकारी वकील, पोलिस आणि त्यांचे कुटुंबीय यांना पत्ते हटवण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. पुढे जून २०२५ मध्ये मिनेसोटात लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन व त्यांचे पती यांची घरात हत्या झाली. आरोपीच्या वहीत माणसे शोधून देणाऱ्या अनेक संकेतस्थळांची नावे लिहिलेली आढळल्याचे तपासयंत्रणेने न्यायालयापुढे मांडले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक कायदा रक्त सांडल्यावर आला, आणि प्रत्येकाने एका दप्तराला किंवा एका वर्गाला कुंपण घातले. न्यायाधीशाच्या जिवाला असलेला धोका खरा आहे, यात शंका नाही. पण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह दुसऱ्या गावी गेलेली परिचारिका, नापास विद्यार्थ्याच्या रागाचा विषय झालेला शिक्षक, कर्जवसुलीची नोटीस बजावणारा कारकून यांचा धोकाही तितकाच खरा असतो. तो वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाही, एवढेच. वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये अशा पीडितांसाठी एक उपाय शोधला. खऱ्या पत्त्याऐवजी सरकारी टपालपेटीचा पत्ता त्यांना वापरू दिला जातो. अनेक राज्यांनी ही पद्धत उचलली. परंतु दलालाच्या पानावर त्या स्त्रीच्या आईचा, भावाचा आणि मागच्या तीन घरांचा पत्ता असेल, तर सरकारने दिलेली ती पेटी तिला कितपत लपवणार?

आता सामान्य नागरिकाने आपले नाव काढून घ्यायचे म्हटले तर काय करावे लागते ते पाहावे. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा अर्ज करावा लागतो. प्रथम त्यांच्या सूचीत आपली नोंद शोधायची, मग नाव वगळण्याचे पान शोधायचे, मग आपला ईमेल पत्ता द्यायचा आणि काही ठिकाणी दूरध्वनीवरून ओळख पटवायची. म्हणजे माहिती काढून घेण्यासाठी आणखी माहिती द्यायची. नाव वगळण्याची पाने तरी सहज सापडावीत. पण २०२५ मध्ये द मार्कअप आणि कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थांनी कॅलिफोर्नियात नोंदलेल्या सुमारे ५०० दलालांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ३५ दलालांनी ही पाने शोधयंत्रांना दिसू नयेत अशी तांत्रिक योजना केल्याचे आढळले. कायद्याने दार ठेवायला लावले आणि व्यापाऱ्याने त्यापुढे पडदा ओढला, असा हा प्रकार. गूगलने आपल्या शोधनिकालांतून पत्ता व दूरध्वनी क्रमांक वगळण्याची मागणी करण्याची सोय २०२२ मध्ये केली. ती उपयुक्त आहे. परंतु तीमुळे दुकानाकडे नेणारी पाटी निघते, दुकान जागेवरच राहते.

बरे, एकदा नाव निघाले म्हणजे काम संपले असेही नाही. दलाल आपला साठा ठरावीक काळाने नव्या दप्तरांतून भरून घेतात. पत्ता बदलला, नावाचे स्पेलिंग वेगळे पडले, की संगणकाला ती नवी व्यक्ती वाटते आणि पुसलेली नोंद नव्या रूपात परत येते. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही यातून सुटका नाही. खरेदीखतावर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत केवळ आद्याक्षरे, नोकरीच्या ठिकाणी सुटसुटीत केलेले नाव आणि पत्नीचे लग्नाआधीचे व नंतरचे आडनाव, अशा भेदांमुळे एका माणसाच्या दोन-तीन नोंदी होण्यास भरपूर वाव असतो, आणि प्रत्येक नोंदीसाठी अर्जही निराळा करावा लागतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २०२४ मध्ये काही स्वयंसेवकांच्या साहाय्याने तेरा संकेतस्थळांवर पाहणी केली. हाताने अर्ज केल्यावर चार महिन्यांत सुमारे ७० टक्के नोंदी निघाल्या. नेटाने पाठपुरावा करूनही दहांपैकी तीन नोंदी उरल्या, असा याचा अर्थ होतो.

या त्रासातून दुसरा एक धंदा निर्माण झाला. वार्षिक वर्गणी घेऊन ग्राहकाच्या वतीने अर्ज करणाऱ्या कंपन्या निघाल्या. उपर्युक्त पाहणीत त्यांतील चांगल्या सेवा हाताने केलेल्या अर्जांच्या जवळपास पोचल्या, तर काहींचे यश शेकडा दहाच्या आतच राहिले. याहून उद्बोधक गोष्ट २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आली. वनरेप नावाच्या अशाच एका सेवेच्या प्रमुखाने पूर्वी माणसे शोधून देणारी डझनावारी संकेतस्थळे काढली होती आणि त्यांतील एकात त्याची भागीदारी अद्याप कायम होती, हे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी दाखवून दिले. त्या प्रमुखानेही भागीदारीची गोष्ट मान्य केली. मोझिलासारख्या नामांकित संस्थेने आपल्या ग्राहकांसाठी हीच सेवा निवडली होती. रोग विकणारा आणि औषध विकणारा एकाच पेढीवर बसू शकतो, इतका हा बाजार मोकाट आहे.

दलालांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती सर्वस्वी पोकळ नाही. सार्वजनिक दस्तऐवजात जे आहे ते सांगणे हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असे ते म्हणतात. दुरावलेले नातेवाईक भेटतात, घरमालकाला भाडेकरूची पारख करता येते, वार्ताहराला साक्षीदार सापडतो, बुडव्या ऋणकोचा ठाव लागतो, हे त्यांचे दावे खरे आहेत. मात्र जेव्हा याच माहितीवर कोणाची नोकरी वा भाड्याचे घर ठरते, तेव्हा तिची अचूकता जपण्याची जबाबदारी १९७० च्या कायद्याने येते, आणि तेव्हा हेच दलाल ‘आमची माहिती त्या कामासाठी नाही’ म्हणून हात झटकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कारणासाठी २०१२ मध्ये स्पोकिओकडून ८ लाख डॉलर, तर २०२३ मध्ये ट्रूथफाइंडर व इन्स्टंट चेकमेट यांच्याकडून ५८ लाख डॉलर वसूल केले. चुकीची माहिती छापल्याबद्दल थेट दावा लावू पाहणाऱ्या नागरिकाला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, की केवळ चूक दाखवून भागत नाही. तीतून झालेली प्रत्यक्ष हानीही दाखवली पाहिजे. सत्य विकण्याचे स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी असत्याची जबाबदारी नाकारावी, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

केंद्रीय पातळीवर उपाय योजण्याचा प्रयत्नही तडीस गेला नाही. अनेक माहिती-दलालांना १९७० च्या कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या ग्राहक-वित्त संरक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला. मे २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याआधीच, २०२४ मध्ये, नॅशनल पब्लिक डेटा या फ्लोरिडातील कंपनीच्या साठ्यातून कोट्यवधी लोकांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांची माहिती गेली त्यांतील बहुतेकांनी त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसणार. ज्या पेढीशी आपला व्यवहारच नाही तिच्याकडे आपली ठेव असावी आणि तीही बुडावी, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर कॅलिफोर्नियाच्या योजनेचे मोल ठरते. नोंदणीची वाट व्हरमाँट राज्याने २०१८ मध्ये दाखवली होती. परंतु नोंदणीने फक्त दलालांची नावे कळतात. कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन ओझ्याची जागा बदलली. नागरिकाने ५०० दारे ठोठावण्याऐवजी ५०० दलालांनी एका दाराशी यायचे, आणि एकदा नव्हे तर पुनःपुन्हा यायचे. पुसलेले नाव परत साठ्यात येऊ न देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच राहते. तथापि या कायद्याला एक मोठे भगदाड आहे. सरकारी दप्तरांतून कायदेशीरपणे खुली झालेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. मतदारनोंदणी आणि घराचे खरेदीखत यांसारख्या गोष्टी अर्ज केल्यावरही दलालाकडे राहू शकतात. आणि घराचा पत्ता तर बहुधा तेथूनच येतो! ज्या मुळावर घाव घालायला हवा होता, तेथे कायद्याची कुऱ्हाड थबकली आहे.

भारतीय वाचकाने येथे सावध व्हावे, कारण हेच भगदाड भारतीय कायद्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याच्या बाराव्या कलमाने माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क दिला आहे. परंतु ज्या माहितीच्या वापरास त्या व्यक्तीने संमती दिली होती, तिच्यापुरताच. तिसरे कलम तर स्पष्टच म्हणते, की व्यक्तीने स्वतः खुली केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे दुसऱ्याने खुली केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर राहील. म्हणजे ज्याची संमती कोणी मागितलीच नाही, त्याच्या पदरात पुसण्याचा हक्क पडत नाही.

या तरतुदीचे महत्त्व कळण्यासाठी महाराष्ट्रात आज काय काय खुले आहे ते पाहावे. सातबाराचा उतारा संकेतस्थळावर पाहता येतो. मालमत्तेच्या दस्तांची सूची क्रमांक दोन शोधता येते आणि तीत खरेदी देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव असते. मतदारयादी घरबसल्या उतरवून घेता येते. तीत नाव, वय, वडिलांचे वा पतीचे नाव आणि घरक्रमांक असतो. या सोयींचे मूल्य कमी लेखता येणार नाही. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि फसवणुकीच्या भीतीने ग्रासलेल्या घरखरेदीदाराला त्यांनी मोठा आधार दिला आहे. परंतु या तिन्ही याद्या आणि एखादी दूरध्वनी-सूची एकत्र जुळवणारा व्यापारी उभा राहिला, तर अमेरिकेतील पान भारतात तयार होण्यास वेळ लागणार नाही. दूरध्वनी-सूचीची वाण तर नाहीच. ट्रूकॉलर या स्वीडिश कंपनीची भारत ही सर्वांत मोठी बाजारपेठ आहे आणि ज्याने तिची सेवा कधी घेतली नाही, त्याचेही नाव त्याच्या क्रमांकासमोर तेथे दिसू शकते. नाव काढून घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. पण ती आहे हे जाणून घेण्याचे व वापरण्याचे काम अर्थातच त्या बाहेरच्या माणसाचे.

विखुरलेपणाचे संरक्षण नाहीसे झाले म्हणजे काय होते, याचा अनुभव केरळने घेतला आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. विवाहाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावावी, असे तो सांगतो. कचेरीच्या भिंतीवरचा कागद तेथे आलेल्या मोजक्या लोकांच्या नजरेस पडतो. केरळमध्ये त्या नोटिसा छायाचित्रे व पत्त्यांसह संकेतस्थळावर आल्या, तेव्हा भिन्नधर्मीय जोडप्यांच्या नोटिसा उचलून समाजमाध्यमांवर फिरवण्यात आल्या आणि त्या तरुण-तरुणींना उपद्रव सोसावा लागला. अखेर जुलै २०२० मध्ये राज्य सरकारने त्या संकेतस्थळावर टाकणे बंद केले. कायद्याचे एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त भिंत. मतदारयादीच्या बाबतीतही हाच पेच आला. संगणकाला सहज शोधता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य केली. निवडणूक आयोगाने मतदारांच्या खासगीपणाचे कारण पुढे केले होते. पण ज्यांना यादीतील दुबार नावे शोधायची आहेत, त्यांच्या हातूनही साधन गेले, हे नाकारता येत नाही.

येथे या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते. खासगीपणाच्या नावाखाली दप्तरच कुलूपबंद करण्याचा मोह सरकारला सहज होतो. २०२३ च्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील एक पोटकलम बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलातही आला. पूर्वी सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती तेवढी नाकारता येत असे आणि व्यापक जनहित असल्यास तीही द्यावी लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण त्या पोटकलमात उरले आहे. जनहिताची सर्वसाधारण तरतूद कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे. पण तिचा आधार मिळवण्यासाठी नागरिकाला अधिक झगडावे लागणार. ज्या महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन झाले आणि केंद्राच्या आधी, २००२ सालीच, राज्याचा कायदा झाला, त्या महाराष्ट्राला याचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही. अधिकाऱ्याच्या मालमत्तेची माहिती खासगी ठरावी आणि त्याच्याच कचेरीतील कारकुनाचा राहता पत्ता बाजारात मिळावा, अशी स्थिती आली तर त्याला खासगीपणाचे संरक्षण म्हणणे कठीण आहे.

तेव्हा रेषा कोठे ओढायची? १९८९ च्या त्या अमेरिकी निकालातच तिची खूण सापडते. एखादा कागद एका विशिष्ट हेतूने उघडा ठेवणे आणि अनेक कागद गोळा करून एका माणसाभोवती जाळे विणणे, या भिन्न क्रिया आहेत आणि कायद्याने त्यांना भिन्न मानले पाहिजे. सातबारा जमिनीच्या गट क्रमांकावरून कोणालाही पाहता यावा. त्याच दप्तरातील सर्व नावे घाऊक उपसून व्यक्तीनिहाय विकण्यास मात्र मोकळीक असू नये. सरकारी यादी प्रसिद्ध करताना तिच्या हेतूला जेवढे पुरेसे आहे तेवढेच छापावे. माहितीच्या व्यापाऱ्याने नोंदणी करावी, एका अर्जाने नाव वगळावे आणि ते पुन्हा येणार नाही याची हमी त्यानेच द्यावी. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या अर्जाचा निकाल तातडीने लागावा आणि त्यासाठी त्याच्याकडून आणखी माहिती वा पैसा घेतला जाऊ नये. आणि माहिती सरकारी दप्तरातून आली, एवढ्याच सबबीवर दलालाची सुटका होऊ नये. भारतातील तिसऱ्या कलमाची ही दुरुस्ती झाली नाही, तर बाराव्या कलमातील हक्क कागदावर शोभेल, परंतु उपयोगी पडणार नाही.

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचेही कारण नाही. या याद्या शेवटी माणसेच तयार करतात. शाळेचा निकाल, शिष्यवृत्तीची यादी, कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता सूची, बदल्यांचे आदेश हे सारे आता फळ्यावर न लागता संकेतस्थळावर चढते. ज्येष्ठता ठरवण्यासाठी जन्मतारीख लागते, हे खरे. पण भ्रमणध्वनी क्रमांक व घरचा पत्ता लागत नाही. निकाल कळण्यास आसनक्रमांक पुरतो. आईचे नाव आणि जात जगाला दाखवण्याची आवश्यकता नसते. कोणता रकाना ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हा निर्णय मंत्रालयात होण्याआधी पुष्कळदा कचेरीतील मेजावर आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत होतो. एकदा जगभर पसरलेला पत्ता परत गोळा करणे किती दुरापास्त असते, हे अमेरिकेने प्राणांची किंमत मोजून शिकले. भारताला तो धडा फुकट मिळतो आहे. तो घ्यायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे.